शिकाऊ गाडी

कंपनीचं अधिकृत निवेदन असं होतं: 'आमचा इंजिन-नियंत्रक चालकाच्या सवयी पाहून स्वतः शिकतो. तो केवळ आमच्या प्रशिक्षित चालकांकडून शिकला. सबब, अपघातास अभियंता सुशांत बर्वे यांचं सदोष गणित कारणीभूत आहे.'

"तीन वाक्यं," गिरिजाबाई म्हणाल्या. "पहिलं खरं लिहायचं, म्हणजे उरलेली दोन खपून जातात."

हे गणित सुशांतला पुण्याच्या कॉलेजात त्यांनीच शिकवलं होतं. वर्षापूर्वी त्या ॲरिझोनातल्या विद्यापीठात आल्या. आज चौकशीत त्या त्याच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून उभ्या राहणार होत्या. चँडलरच्या तापलेल्या रस्त्यावरून गाडी त्याच चालवत होत्या. लायसन्स नवं होतं, हौस दांडगी.

"मॅडम, मी गणित चुकलं म्हणून टाकतो. विषय मिटेल."

"आणि नोकरी गेली, व्हिसा गेला की? घरी बायकोला, रुचाला काय सांगशील? माझ्याकडे शिकलास आणि बरोबर गणित चूक म्हणून कबूल करतोस?"

"राहू द्या ना, प्लीज."

सिग्नलला गाडीने गचका खाल्ला.

"मॅडम, डावा पाय काढा ब्रेकवरून."

"हो रे! तीस वर्षं लूना चालवलेल्या बाईचे पाय रिकामे होते, आता त्यांनाही काम हवंय." त्या हसल्या. "ही तुझी गाडी दणके फार देते. मला गाडी शिकवताना आणायचास ती करडी बरी होती. जणू मला ओळखायची."

सुशांत खिडकीबाहेर पाहू लागला.

चौकशीच्या खोलीत समितीचे तिघे, कंपनीचा वकील आणि कुबड्या मांडीवर घेतलेला चाचणी-चालक हेक्टर बसले होते. जूनमध्ये कंपनीच्या धावपट्टीवर हेक्टरने ब्रेक दाबला, तेव्हा इंजिनाने जोर सोडायला हवा होता. त्याने तो धरून ठेवला. गाडी भिंतीत घुसली आणि हेक्टरचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गिरिजाबाईंना कंपनीने गाडी पाहू दिली नव्हती. नियंत्रकाच्या स्मृतीतले आकडे तेवढे दिले होते. तेवढे त्यांना पुरले.

"नियंत्रक हा प्रामाणिक विद्यार्थी आहे," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "समोर जे घडेल, तेच तो शिकतो. त्याच्यासमोर कोणीतरी आठवडेच्या आठवडे एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने ॲक्सिलरेटर एकदमच दाबत होतं. तेव्हा त्याने निष्कर्ष काढला, की ब्रेक लागला तरी चालकाला जोर हवाच असतो. हा निष्कर्ष निर्दोष आहे. शिक्षक तेवढा गाढव होता."

वकिलाने घसा साफ केला. "आमचा एकही चालक असं करत नाही."

"मीही तेच म्हणते आहे. ही नवशिक्याची खोड आहे. रस्त्यावर सोडायच्या लायकीचाही नसलेला माणूस तुम्ही त्या गाडीत बसवलात आणि दोष मात्र ज्याला बोलायची भीती वाटते, अशा परदेशी मुलाच्या माथी मारलात."

"आमच्याकडे अशा व्यक्तीची नोंद नाही."

"नोंद नाही म्हणून माणूस नव्हता? हे तर्कशास्त्र कंपनीनेच शोधून काढलेलं दिसतं."

समितीच्या अध्यक्षांनी निवेदनाचा कागद उलटा करून ठेवला. सुशांत सुटला होता.

तेवढ्यात हेक्टर प्रथमच बोलला. "मला त्या माणसाचं नाव हवंय."

"तो तुमचा हक्कच आहे," गिरिजाबाई म्हणाल्या आणि सुशांतकडे वळल्या. "तुला ठाऊक आहे. चेहऱ्यावरून कळतंय मला. पुरे झालं पाठीशी घालणं. ऊठ, सांग."

सुशांत उठला. त्याने हेक्टरकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. खोलीत चाललेलं इंग्रजी सोडून तो मराठीत बोलला:

"मॅडम, रविवारी तुम्हाला शिकवायला मी आणायचो ती करडी गाडी हीच."