चढता सूर

जोडीदार ताऱ्याभोवती फिरणारा तो स्पंदक तारा सेकंदाला शेकडो गिरक्या घेई. रेडिओ दुर्बिणीच्या स्पीकरवर त्याची गुणगुण ती रोज ऐकायची, त्यावर प्रबंध लिहायची. तारा जवळ येताना सूर चढे, लांब जाताना उतरे.

आज यंत्रं सांभाळणारा तिचा नवरा खालमानेनं म्हणाला, "अगं, तो तारा तीन वर्षांपूर्वीच गप्प झालाय. तू कोलमडशील म्हणून मी जुनं रेकॉर्डिंग लावत होतो."

"मग इतकी वर्षं मी कशावर लिहीत होते? केसानं गळा कापलास माझा. बंद कर ते."

त्यानं स्पीकरची वायरच उपटली. गुणगुण थांबली नाही.

सूर उतरायची वेळ झाली, टळूनही गेली. तो चढतच राहिला.