ऑरिनचं कोठार

आमच्या हायकिंग क्लबची वेबसाइट मी चालवतो. डोंगराच्या पायवाटेकडे वळायची खूण म्हणून तिच्यावर पायथ्याशी राहणाऱ्या ऑरिन या शेतकऱ्याच्या कोठाराचा फोटो होता: ‘पोपडे सुटलेल्या लाल कोठारापाशी डावीकडे वळा.’

ऑक्टोबरात मेपलची झाडं लाल-पिवळी झाली की ऑरिनच्या दारात गाड्यांची रांग लागायची. लोकांची वाट चुकावी म्हणून वैतागून त्याने शिडी लावली आणि अख्खं कोठार हिरवं करून टाकलं. मी त्याच संध्याकाळी नवा फोटो टाकला. पठ्ठ्याने ते पांढरं केलं. मी पुन्हा फोटो बदलला.

“डेल, दुकानातला रंग संपेल, पण मी हटणार नाही!” त्याने मला फोनवर दम दिला.



काल त्याच्या बायकोचा, लोर्नाचा मेसेज आला: “तीस वर्षं कोठार रंगव म्हणून मागे लागले होते, मेल्याने ब्रशला हात लावला नाही. आता तेवढा रंग उडालेल्या कुंपणाचाही फोटो टाक ना.”