नऊ वर्षांचे पतंग

"साहेब, जुना डेटा ठेवायचा का सगळं पुसायचं?" अनुपनं विचारलं. नार्नूरच्या कापूस उपकेंद्रातल्या एकुलत्या एका संगणकावर नवी विंडोज टाकायला तो आदिलाबादहून आला होता.

"पुसून टाक. चकाचक पाहिजे." हेमचंद्र साहेबांनी खिशातून पेनड्राइव्ह काढून दाखवला. "मी सोता घेतलं सगळं याच्यात."

"एकदा पाहू का?"

"सरकारी माहिती हाय ते. तू आपलं काम कर."

दाराशी रुख्मिणीबाई उभ्या होत्या. हातात सकाळच्या सापळ्याची पिशवी. सापळ्यात आलेले बोंडअळीचे पतंग मोजायचे आणि आकडा संगणकात भरायचा, हे त्यांचं काम. नऊ वर्षं, एकही दिवस न चुकता. कोणत्या आठवड्यात पतंग वाढतात ते त्या आकड्यांवरून कळे आणि फवारणीचा निरोप गावोगाव वेळेत जाई.

"साहेब, तुमी समोरची चित्रं उचलली का? कोपऱ्यात बाण असलेली?"

"मंग?"

"त्या फायली नाहीत. फायली आत हायेत. तुमाले आत सापडत नव्हत्या म्हणून मीच वर ती चित्रं ठेवून देली होती."

साहेब अनुपकडे बघून हसले. संगणक ते दिवसातून एकदा चालू करत आणि एकदा बंद. मधलं सगळं रुख्मिणीबाई करत.

"पाह्य रे. पतंग मोजणारी बाई मले कंप्युटर शिकवून राह्यली."

अनुपनं बोट थांबवलं. "बाई म्हणतात तसं असलं तर काहीच परत येणार नाही, साहेब. डिस्क कोरी होते."

"साहेब मी हाय का बाई?"

अनुपनं बटण दाबलं.

दुपारी संगणक चकाचक झाला. साहेबांनी पेनड्राइव्ह लावला. सव्वीस चित्रं. एकेकावर क्लिक केलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं : फाईल सापडत नाही. त्यांच्याशिवाय खरी फाईल एकच निघाली. गेल्या वर्षीच्या सत्कारात साहेबांच्या गळ्यात हार पडताना काढलेला फोटो. साहेबांच्या सांगण्यावरून अनुपनं तो पडदाभर लावून दिला आणि बॅग उचलून निघून गेला.

"बाई, आकडे लिहिलेल्या तुमच्या वह्या असतीन ना?" साहेबांचा आवाज आता मऊ होता.

"मागच्या उन्हाळ्यात तुमीच रद्दीत देल्या. कपाट पाहिजे होतं तुमाले. शाली ठेवाले."

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं नाही. "मंग अंदाजानं भरा. नऊ वर्षांचे पतंग कोण मोजाले येते?"

रुख्मिणीबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि साहेबांच्या टेबलावर उलटी केली.

"आजचे एकोणीस. मोजून घ्या."

अठरा मेलेले होते. एक उडाला आणि पडद्यावर, हाराच्या जरा वर, साहेबांच्या गालावर जाऊन बसला.

साहेबांनी चष्मा लावला. माऊस धरला, बाण हळूहळू पतंगावर नेला आणि दोनदा क्लिक केलं.