मोघम बोलणं

सदाशिव पेठेतल्या चिनी भाषेच्या क्लासमध्ये बाईंनी फळ्यावर नवा शब्द लिहिला, 'हान्हू छीत्स'. "म्हणजे मुद्दाम मोघम बोलणं. घरातलं उदाहरण द्या."

केतकी म्हणाली, "आमच्या घरात नाही सापडायचं, बाई. मी बोर्डात आले तेव्हा बाबा म्हणाले, 'बाकीच्यांनी अभ्यास केला नसेल.' आणि आजोबा गेले तेव्हा फोनवर एवढंच, 'आजोबा गेले. येताना हार आण.'"

वर्ग खो खो हसला. तेवढ्यात बाबांचाच फोन आला. सकाळी ते आईचा रिपोर्ट आणायला गेले होते. केतकी लगबगीने दाराबाहेर गेली.

"काय आलं रिपोर्टमध्ये?"

"तसं विशेष काही नाही गं, बाळा. म्हणजे... बघू. डॉक्टरांशी बोलू एकदा. तू जेवलीस का?"

केतकीने फोन कानाशी घट्ट धरला. आत बाई तोच शब्द सगळ्यांकडून मोठ्याने म्हणून घेत होत्या.

"बाबा, नेहमीसारखं खेकसा ना माझ्यावर," ती कशीबशी म्हणाली.

"सावकाश ये हं," बाबा म्हणाले.