टाकीचा आकडा

परेश सिंगापूरच्या बंदरात मरीन इंजिनीअर. सांगलीला एकट्या राहणाऱ्या आईसाठी त्याने गच्चीवर सोलर हीटर बसवून दिला, आणि इंजिनीअरच तो, टाकीला सेन्सर लावून तापमान थेट आपल्या मोबाईलवर आणलं.

"आई, तू अंघोळीला गरम पाणी घेतलंस की आकडा उतरतो. म्हणजे तू उठलीस, सगळं ठीक आहे, हे मला इथे बसून कळतं. रोज फोन करून विचारायची भानगडच नको!"

तेव्हापासून सकाळी आकडा उतरला की स्वारी निवांत कामाला लागायची.

आज मात्र आकडा हललाच नाही. कॉफीचा कप तसाच टाकून परेशने घाईघाईने फोन लावला. पहिल्याच रिंगला आईने उचलला.

"आई, बरी आहेस ना? अंघोळ नाही केलीस अजून?"

"केली की. गार पाण्याने."

"गार? का? सोलर बिघडला का?"

 

"छे रे, पाणी चांगलं कडकडीत आहे. पण गरम पाणी घेतलं की तुझा फोन येत नाही ना!"