डुलांआधीचा रिपोर्ट

मुलीच्या कानात डूल घालून तिला सून म्हणून पक्की करायला आलेल्या कानिशायबाईंनी आधी तिच्या रक्ताचा रिपोर्ट मागितला.

"अंगात सूज लपलेली असली तर रक्तात कळतं म्हणे. आमची थोरली सून वर्षभरात अंथरुणाला खिळली. आता आम्ही पारखूनच घेतो, विहीणबाई. मेंढीचेसुद्धा दात उचकटून बघतो."

मुलीच्या आईने, बुरुलसुनने, राग गिळून कागद पुढे केला. सूज दाखवणारे दोन्ही आकडे अगदी कमी: सीआरपी एक, ईएसआर चार. कानिशायबाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. खोट सापडेना, तेव्हा नाइलाजाने त्यांनी डुलांची डबी उघडली.

"थांबा," बुरुलसुन म्हणाली. "आधी त्या कागदावर सही करा, मुलगी धडधाकट मिळाली म्हणून. दर सहा महिन्यांनी हिचं रक्त मी तपासून घेणार. आकडा चढला, तर सूज तुमच्या घरची आणि मुलगी माझ्या घरची."