बिननंबरची गाडी

"सतरा तारखेला काढू," चंद्रहास म्हणाला. "आई म्हणतेय, अधिक महिन्यात नवी गाडी रस्त्यावर आणायची नाही."

एवढं सांगून त्यानं फोन परत कानाला लावला आणि बायकोकडे पाठ केली. प्राची तिथंच गॅरेजमध्ये उभी राहिली. पायात कामाचे बूट, काखेत गाडीच्या कागदांची फाइल. नवरा-बायकोच्या मधे गाडी. चंदेरी, पुसून पुसून लखलखीत केलेली, आणि पुढं-मागं नंबरप्लेटच्या जागा रिकाम्या.

सहा आठवडे ती गाडी अशीच उभी होती. जपानहून आली, तपासणीत पास झाली, ट्रकवर बसून न्यूझीलंडमधल्या पुकेकोहेला घरी आली. राहिलं काय, तर रजिस्ट्रेशन. ते चंद्रहासनंच मागं ठेवलेलं. एक जुलैपासून कर कमी होणार होता, शंभरेक डॉलर वाचणार होते, मग मे महिन्यात कशाला भरायचे? हुशार माणूस.

आणि हे सहा आठवडे प्राची रोज मैत्रिणीच्या, कांचनच्या गेटपाशी उभी राहायची. कांद्याच्या पॅकहाउसवर कामाला जायचं, तर लिफ्ट कांचनची. पाऊस असला तरी उभी. कांचन गाडी बाहेर काढता काढता विचारायची, "काय गं, तुमची अजून दर्शनालाच ठेवलीय का?" हसून विचारायची, पण रोज विचारायची.

आता कांचनला सकाळची पाळी लागली, प्राचीची दुपारचीच राहिली. पॅकहाउस बारा किलोमीटर लांब, तिकडं बस जात नाही. सुपरवायझरनं काल तोंडावर सांगितलं होतं, उद्या दुपारी तीनला हजर राहिलीस तर काम तुझं, नाहीतर दुसरी बाई तयार आहे. त्यावर प्राची काय म्हणाली? उद्यापासून माझी स्वतःची गाडी आहे, म्हणाली. छाती काढून म्हणाली.

तो उद्या म्हणजे आज, एक जुलै. घड्याळात सकाळचे साडेअकरा.

"नवी कुठली?" प्राची म्हणाली. "नऊ वर्षांची आहे ती. ब्याण्णव हजार किलोमीटर पळून आलीय."

चंद्रहासनं झटकन फोनवर पंजा दाबला. "हळू बोल की! घरच्यांना नवी म्हणून सांगितलंय."

"कुणी?"

"मी फक्त फोटो टाकला होता घरच्या ग्रुपवर. प्लेट दिसत नव्हती, तर काका म्हणाला, शोरूममधून डायरेक्ट का रे? मी म्हटलं, हो. एवढंच झालं."

"मग आता सांग जुनी आहे म्हणून. जुन्याला कसला अधिक?"

"आता कसं सांगू? काय म्हणतील सगळे? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, प्राची. सहा आठवडे काढलेच ना आपण?"

"आपण?" प्राचीचा आवाज चढला. "तू रोज तुझ्या व्हॅननं गेलास कामावर. आपण कुठं काढले? कराची तारीख होती, मी थांबले. म्हटलं, ठीक आहे, घरचे पैसे वाचतायत. आता तू मारलेल्या थापेसाठी पण मीच थांबू? माझं काम जाऊ दे, तुझी गाडी नवी राहू दे?"

"थाप काय थाप? न्यूझीलंडला तर नवीच आहे ना ती."

असं म्हणाला बघा तो. तोंड वर करून.

प्राचीनं हात लांब केला आणि त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. स्पीकर लावला आणि फोन गाडीच्या बॉनेटवर ठेवला. पुण्यात पहाटेचे पाच वाजलेले. तिच्या सासूबाई, आशालताबाई, अधिकातलं स्नान उरकून बसल्या होत्या.

"आई, प्राची बोलतेय. गाडी नवी नाही. दोन हजार सहाची आहे, वापरलेली."

 पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"वापरलेली?" आशालताबाई म्हणाल्या. "मग इतके दिवस का नाही काढली रस्त्यावर?"

"कर कमी व्हायची वाट बघत होते हे."

"आणि तू कामाला कशी जात होतीस?"

"मैत्रिणीच्या गाडीनं. तिच्या दारात उभी राहून. आजपासून ती पण नाही. तीनला पोचले नाही तर काम गेलं."

"अगं, मग माझ्याशी काय बोलत बसलीयस? जुन्या गाडीला कुणी मुहूर्त बघतं का? इतकी वर्षं तिकडं जपानात फिरलीच ना ती? जा तू. जा आधी."

प्राची गेली. रजिस्ट्रेशनचं काउंटर दहा मिनिटांवर होतं, पैसे भरले की नंबरप्लेट तिथंच हातात मिळायची. फाइल छातीशी धरून ती ड्राइव्ह-वे उतरली, कोपऱ्यावर वळली. मागं वळून बघितलं नाही.

चंद्रहास पायात जँडल, रबरी चपला, घालून गॅरेजच्या दारात उभा. मग आत आला, बॉनेटवर वाकला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आई, झालं ते झालं. निदान बाबांना तरी सांगू नकोस."

"ऐकतोय मी," फोनमधून विश्वनाथराव म्हणाले. "सोसायटीत नव्या गाडीचे पेढे वाटलेत, चंदू. बावीस घरांत. त्याचं मी बघतो. सूनबाई गेली का कागद घेऊन?"

"गेली."

"चालत?"

"हो."

"आणि तू अजून तिथं काय करतोयस?"